थकलेले वर्ष

२०२४ च्या उपवासकाळातील एका शुक्रवारची सायंकाळ. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर नुकतेच टेकलो होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य भेटीस आले. दोघांच्या अनुमतीने ही हकीकत लिहीत आहोत. नावे मात्र देत नाही. वसईतील माणसे नावावाचूनही माणूस ओळखतात, त्याला आमचा इलाज नाही.

गृहस्थ छप्पन्न वर्षांचे, एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरीस. बाई त्रेपन्नच्या. त्यांची नोकरी वाडीत आणि चुलीपाशी. दोन मुले, मुलीचे लग्न झालेले, मुलगा परदेशी. घरात गृहस्थांच्या मातोश्री, वय वर्षे ब्याऐंशी. शेजारच्याच घरात धाकटा भाऊ व त्याचा संसार. रविवारची मिस्सा न चुकवणारे, सणाला चर्चची आरास करणारे, देणगीच्या पावतीवर नाव छापावे असा आग्रह न धरणारे असे हे कुटुंब. अशी माणसे अवेळी आली म्हणजे आम्ही मनातल्या मनात आजारपण किंवा कोर्टकज्जा यांची तयारी करतो.

दोन्हींपैकी काही नव्हते. गृहस्थ म्हणाले, “फादर, आम्हां दोघांना एक वर्ष बाहेर जायचे आहे.”

“यात्रेला?” आम्ही विचारले.

“नाही. नुसतेच. कुठेतरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे.”

त्यांच्या मुलाने याला ‘गॅप इयर’ असे नाव दिले होते. विलायतेकडची तरुण मुले शाळा संपल्यावर नि विद्यापीठात जाण्याआधी एखादे वर्ष जग पाहण्यासाठी मोकळे ठेवतात, ते हे. पण ते वर्ष अठराव्या वर्षीचे, दोन इयत्तांच्या मधले. छप्पन्नाव्या वर्षी कोणत्या दोन इयत्तांच्या मधले, असा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. तो त्यांनीच सोडवला. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वीस वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. ती त्यांनी घेतली होती. परत आल्यावर इथल्या पतपेढीचे हिशेब पाहायचे ठरले होते. महिना २५,००० रुपयांत दोघांचे भागेल, असा आकडाही त्यांनी काढला होता. मग ते जरा थांबून म्हणाले, “माझी रजा नियमात बसते, फादर. हिची कोणत्या नियमात बसवायची, ते विचारायला आलो आहोत.”

आम्ही जे उत्तर दिले ते इथे सविस्तर लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक धर्मगुरूच्या कप्प्यात अशी काही उत्तरे इस्त्री करून ठेवलेली असतात. वृद्ध मातेचा मान, चौथी आज्ञा, घराचे छत्र, लोक काय म्हणतील. शेवटचे शेवटी, पण सर्वांत जोर त्याच्यावर. वेलंकनीला जाऊन या, पंधरा दिवस गोव्यात राहा, असेही आम्ही सुचवले. बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, २०२२ साली आमच्या लेकीला विवाहपूर्व शिबिरात तुम्हीच एक वचन सांगितले होते. नवीन लग्न झालेल्या माणसाला एक वर्ष लढाईला पाठवू नये, दुसरेही काम लावू नये, त्याने घरी राहून बायकोला सुखी करावे. पोरीने घरी येऊन मला सांगितले. आमचे ते वर्ष थकले आहे.”

बँकेतल्या माणसाच्या पत्नीच्या तोंडी ‘थकले’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला हे सांगायला नको. तरी त्याचा दुसरा अर्थही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

ते वचन ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात पाचव्या ओवीत आहे. शिबिरात ते सांगितले की मुलेमुली हसतात, म्हणून आम्ही ते सांगतो. त्यापलीकडे त्याचा विचार सेमिनरी सोडल्यापासून केला नव्हता. त्या रात्री पुस्तके काढली. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात नवऱ्याने त्या वर्षी ‘मोकळे असावे’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याच धातूपासून इंग्रजीतला ‘व्हेकेशन’ हा शब्द आला आहे. म्हणजे ही अक्षरशः सुट्टीच. परंतु त्याच लॅटिन ओवीत पुढे नवऱ्याने पत्नीसह आनंद करावा, असा अर्थ दिला आहे. आणि मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ निराळा आहे. पत्नीसह आनंद करणे नव्हे, पत्नीला आनंदित करणे. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये त्रुआ गावी राहणारा राशी हा मोठा ज्यू भाष्यकार या ठिकाणी मुद्दाम थांबून सांगतो, की ‘सह’ म्हणणारे चुकतात. फरक एका प्रत्ययाएवढा आहे. पण शास्त्राने ज्याला कामातून सोडवले आहे त्याच्यावर त्या वर्षापुरते एकच काम सोपवले आहे, आणि ते कुणाचे काम आहे याबद्दल संशय ठेवलेला नाही.

या दांपत्याचे लग्न १९९५ च्या मे महिन्यातले. घरात त्या वेळी अकरा माणसे. नवऱ्याच्या दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. आजेसासरे अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांची खाट नवदांपत्याच्या खोलीच्या कुडाला लागून. लग्नाच्या आठव्या दिवशी पहाटे चार वाजता नववधू टोपली घेऊन वाडीत सोनचाफा खुडत होती. चाफा पूर्ण उमलण्याआधी खुडावा लागतो, नि पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात पोहोचवावा लागतो. नव्या सुनेसाठी तो थांबत नाही. एकोणतीस वर्षांत दोघे एकदाच प्रवासाला गेली, वेलंकनीला. त्या वेळीही बरोबर बावीस माणसे होती. “तिथेही मी चहाच मोजत होते,” बाई म्हणाल्या. लूर्दला जा, जेरुसलेमला जा, असे सुचवणाऱ्या सगळ्यांना त्यांनी हेच उत्तर दिले.

इतके ऐकूनही आम्ही मान डोलावली नाही. आता लिहिताना ज्याची लाज वाटते ती गोष्ट अशी, की आम्हांला स्वतःला २०१४ साली एक वर्षाची रजा मिळाली होती. सोळा वर्षे धर्मगुरुपद सांभाळल्यावर वरिष्ठांनी बोलावून सांगितले, थकलात, एक वर्ष अभ्यासाला जा. आम्ही गेलो. सकाळी दोन तास वाचन, दुपारी झोप, सायंकाळी फेरफटका. आमच्या त्या वर्षाला कुणी चैन म्हटले नाही. उलट परत आल्यावर हार घातले. चर्चच्या कायद्यातील ५३३ वे कलम तर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षातून एक महिनाभर सुट्टी घेण्याची मोकळीक देते, आणि आध्यात्मिक साधनेचे दिवस त्यातून वजा करत नाही. पहाटे चारला चाफा खुडणाऱ्या बाईसाठी कायद्यात कलम नाही. ते नाही हे आमच्या ध्यानात यायला तिने ओसरीवर येऊन बसावे लागले, आणि ध्यानात आल्यावरही आम्ही तिला वेलंकनीच सुचवली.

आपल्या देशाला ही कल्पना अगदी परकी आहे असेही नाही. वानप्रस्थ आहेच. पण मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनात निघालेल्या गृहस्थाला पत्नीच्या बाबतीत दोन वाटा दिल्या आहेत: तिला मुलांच्या हवाली करावे, नाहीतर बरोबर न्यावे. तिला स्वतःला काय वाटते, हा प्रश्न तिसरा. तो तिथे नाही. याज्ञवल्क्य निघाले तेव्हा मैत्रेयी नि कात्यायनी यांच्यात चीजवस्तूंची वाटणी करायला बसले; थांबवून विचारणारी मैत्रेयी होती म्हणून संवाद झाला. वारकऱ्यांची रीत आम्हांला अधिक माणुसकीची वाटते. पेरणी उरकली की नवराबायको दोघे दिंडीत चालू लागतात. पण तीन आठवड्यांत एकादशी येते, आणि मागे उगवलेले तण वाट पाहत असते.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. म्हातारीला टाकून चालले, इथपासून मुलाने तिकडे बोलावले आहे पण सांगत नाहीत, इथपर्यंत सर्व बोलून झाले. पैसा अंगावर येतो, असेही कुणी म्हणाले. कोचीचे के. आर. विजयन आणि त्यांच्या पत्नी मोहना यांची आठवण आम्ही त्या वेळी काढायला हवी होती. चहाचे लहानसे दुकान चालवणारे हे जोडपे गल्ल्यातील पैसे रोज थोडे थोडे बाजूला टाकून, कर्ज काढून आणि परत येऊन ते फेडून २००७ नंतर पंचवीसहून अधिक देश पाहून आले. शेवटची सफर रशियाची. २०२१ च्या नोव्हेंबरात विजयन वारले. त्यांच्यावर वर्तमानपत्रांतून लेख आले तेव्हा आमच्याच धर्मग्रामातील मंडळींनी ते एकमेकांना कौतुकाने पाठवले होते. कोचीचा माणूस करतो तेव्हा ते कौतुक. शेजारचा करतो तेव्हा चौकशी.

जून २०२४ मध्ये ती दोघे निघाली. भाजीचे वाफे त्यांनी त्या वर्षापुरते पड टाकले. “जमिनीलाही मिळू दे,” बाई म्हणाल्या. लेवीय पुस्तकातील सातव्या वर्षाच्या विसाव्याची आज्ञा त्यांनी वाचली होती की हे त्यांचे त्यांनाच सुचले होते, ते आम्ही विचारले नाही. चाफ्याला पड टाकता येत नाही; ती झाडे धाकट्या भावाकडे दिली. मातोश्रीही त्याच्याच घरी राहायला गेल्या. घरांमधले अंतर वीस पावलांचे.

आणि मग आमच्या हातून ती गोष्ट घडली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैतील चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिन म्हणून नेमून दिला. २०२४ साली तो २८ जुलैला होता. प्रवचन लिहिलेले होते, ते ठीक होते. पण वेदीवर उभे राहिले की लिहिलेल्यात भर घालण्याचा मोह आम्हांला होतो. “काहीजण तर जन्मदात्रीला शेजाऱ्यांच्या हवाली करून फिरायला जातात,” असे एक वाक्य आम्ही बोललो. चर्चमध्ये माना वळल्या. धाकटी सून उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर होती. तिने मान खाली घातली नाही. ती आमच्याकडे पाहत राहिली.

पुढच्या शुक्रवारी, २ ऑगस्टला, पहिल्या शुक्रवारचा ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्या घरी गेलो. आजींनी भक्तिभावाने प्रसाद घेतला, आभाराची प्रार्थना पूर्ण केली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुनेला बाहेर जायला सांगितले. मग म्हणाल्या:

“फादर, त्यांना मी धाडले. पोरगा तर दोन महिने नाही म्हणत होता. मीच म्हटले, मी जिवंत आहे तोवर जा; मी मेल्यावर गेलात तर लोक म्हणतील सुटलो म्हणून गेले. तुम्ही आलतारावरून बोललात, तेव्हा मला विचारून बोलायचे होते.”

आम्ही काही बोलू लागलो. त्यांनी हात वर केला.

“मी सासू आहे. मी तिच्याकडून काय काय घेतले ते मला ठाऊक आहे. मला माझ्या सासूने दिले नाही, म्हणून मीही दिले नाही. माझा नवरा गेला तेव्हा त्याला कुठले कालवण आवडते ते मला ठाऊक होते. तो कशाला भीत होता, ते ठाऊक नव्हते. पन्नास वर्षे एका ताटाशेजारी ताट.”

आम्ही क्षमा मागितली. ती त्यांनी लगेच दिली. धर्मगुरूला क्षमा करण्याची पाळी क्वचित येते, तेव्हा त्यात त्यांना किंचित समाधान वाटले असेल तर आमची तक्रार नाही. त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच वेदीवरून, कुणाचे नाव न घेता, आमचे शब्द मागे घेतले. वाक्य पसरते त्या वेगाने माघार पसरत नाही, हाही अनुभव घेतला.

ऑगस्टच्या अखेरीस सावंतवाडीहून पोस्टाने पत्र आले. मोबाइलवर चार अक्षरे पाठवायच्या या दिवसांत निळ्या अंतर्देशीय पत्रावर बाईंचे गोल, शाळकरी अक्षर पाहून आम्हांला आनंद झाला. पहिला परिच्छेद वाचून तो मावळला. पहिल्या दीड महिन्यात आपण जेवढे भांडलो तेवढे एकोणतीस वर्षांत भांडलो नव्हतो, असे त्यांनी लिहिले होते. पहाटे चारला जाग येई आणि खुडायला काही नसे. त्या अंधारात बसून राहत. नवरा तीन वेळा एकच खण आवरी. मोती तलावाकाठी फेरी मारून आली की दिवस संपे, आणि घड्याळात दहाच वाजलेले असत. घरी असताना दोघांचे बोलणे नेहमी तिसऱ्याच्या मार्फत चाले: आईला सांग, पोरांना विचार, गड्याला कळव. इथे तिसरे कुणी नव्हते, तेव्हा बोलणेच उरले नाही. ‘आम्ही परत यायचे ठरवले होते,’ असे वाक्य होते, आणि त्याखाली पुढचा मजकूर निराळ्या शाईत होता.

तो मजकूर असा, की एका रात्री पाऊस थांबल्यावर बेडकांनी रान उठवले. बाईंनी विचारले, ऐकता का हो, केवढे ओरडतात. उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारले. उत्तर नाही. घरी असत्या तर उठून कामाला लागल्या असत्या आणि मनात एक गाठ आणखी मारली असती. इथे काम नव्हते. त्या उठून खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि तेच वाक्य हळू आवाजात बोलल्या. नवरा लगेच म्हणाला, “हो, बेडूकच ना?”

गृहस्थांचा डावा कान सहा वर्षांपूर्वी गेला होता. त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. बँकेत समोरच्या माणसाला उजवीकडे बसवायचे, मिस्सेत डाव्या टोकाला बसायचे, गलक्यात हसून मान हलवायची, अशी सारी व्यवस्था त्यांनी लावली होती. अकरा माणसांच्या घराला ती कळली नाही, कारण भरल्या घरात कुणी कुणाला ऐकले नाही तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. त्यांच्या वडिलांना उतारवयात ऐकू येईनासे झाले होते आणि वाडीतली पोरे त्यांना हसत. ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्या रात्री त्यांनी ते प्रथमच सांगितले. ‘फादर,’ बाईंनी लिहिले होते, ‘माझी बाजू डावी. सहा वर्षे मी डावीकडून बोलत होते, नि मला वाटे ह्यांना माझे ऐकायचे नाही.’

आम्ही पत्र मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो. वीस वर्षे विवाहपूर्व शिबिरात आम्ही ‘संवाद’ या विषयावर पाऊण तास बोलतो. फळ्यावर आकृती काढतो. एका बाजूला बोलणारा, दुसऱ्या बाजूला ऐकणारा, मध्ये बाण. समुपदेशनाच्या खोलीत किती जणी आमच्यासमोर बसून म्हणाल्या असतील, हे माझे ऐकत नाहीत; आणि आम्ही क्षमाशीलतेवर, सहनशीलतेवर बोललो. कान तपासले का, असे एकदाही विचारले नाही. पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या २०१६ सालच्या बोधपत्रात म्हटले आहे, की आयुर्मान वाढल्यामुळे विवाहाचे नाते आता चार, पाच, सहा दशके टिकवावे लागते, आणि म्हणून पहिला निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. ते आम्ही अधोरेखित करून ठेवले होते. तो निर्णय घ्यायला माणसाला निवांत जागा लागते, बेडकांचा आवाज ऐकू येईल इतकी, हे अधोरेखितात नव्हते.

सप्टेंबरात कानाला यंत्र बसले. ऑक्टोबरात ती दोघे वाईला गेली. कृष्णेच्या घाटाजवळ दोन खोल्या मिळाल्या. गृहस्थांना वाचनाचा नाद. ज्या गावात मराठी विश्वकोश सिद्ध झाला तिथे राहायला मिळाले याचेच त्यांना केवढे अप्रूप. बाई त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकत होत्या. पडल्या, हे त्यांनी कळवले. किती वेळा, ते कळवले नाही.

इकडे सर्व आलबेल होते असे समजण्याचे कारण नाही. नोव्हेंबरात धाकटी सून आमच्याकडे आली. जुलैत ज्या नजरेने पाहिले होते तीच नजर. ती घरी शिवणकाम करी. सासूबाई आल्यापासून निम्मी गिऱ्हाइके गेली होती. दीर दरमहा पैसे पाठवत होते, ते तिने नाकारले नाही. “पण फादर, वहिनींना आईंनी विचारले, दादांनी विचारले, त्या तुम्हालाही विचारून गेल्या. मला कुणी विचारले? सगळे धरूनच चालले की ही आहे.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि या वेळी आम्ही इस्त्रीचे उत्तर काढलेही नाही. एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या खांद्यावर येऊन बसते, हे आपल्या घरांचे गणित आहे. त्या मोठ्या जावेलाही आम्ही हे पत्राने कळवले. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्यात एवढेच होते, की तिचे बरोबर आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रात्री फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे वसईत हजर होती. शस्त्रक्रिया, अंथरूण, मग आधाराने उभे करणे. बाई पुन्हा चारला उठू लागल्या. वर्ष आठ महिन्यांवर तुटले. गावाने यातूनही आपला अर्थ काढला: बघा, देवाने परत आणले. असे म्हणणाऱ्यांपैकी एकाला आम्ही चर्चच्या पायरीवर जरा रागाने विचारले, की देवाला एवढ्यासाठी ब्याऐंशी वर्षांच्या बाईचे हाड मोडावे लागते का. धर्मगुरूने रागावू नये. रागावलो.

ते वर्ष ज्युबिलीचे होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी रोममध्ये पवित्र द्वार उघडले गेले, आणि पुढे वर्षभर आम्ही ठिकठिकाणी लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायावर बोलत होतो: भूमीला विसावा, कर्जातून मुक्तता, बंदिवानाने आपल्या घरी परतणे. वसईच्या शेतकऱ्यांना भूमीचा विसावा समजावून सांगावा लागत नाही. ते सांगताना आमची नजर मात्र डाव्या टोकाच्या बाकाकडे जाई. तिथे आता ते गृहस्थ नसत. ते पत्नीच्या शेजारी, मध्यभागी कुठेही बसत.

ऑगस्टपर्यंत आजी वॉकर धरून अंगणात येऊ लागल्या. एके दिवशी त्यांनी दोन्ही मुले, दोन्ही सुना आणि विरारला दिलेली लेक यांना एकत्र बसवले. आम्हांलाही बोलावणे होते. बोलायला नव्हे, साक्षीला. “हिचे चार महिने बाकी आहेत,” आजी म्हणाल्या. मग धाकटीकडे वळून, “आणि तुझे बारा. तुझे कधी, ते आधी सांग.” धाकटी रडू लागली. तिला कुठेही जायचे नव्हते. तिला शिवणाच्या खोलीला दार हवे होते, आतून कडी असलेले. दिवसा आजींपाशी बसायला पगारी बाई ठेवायची, लेकीने येऊन दोन महिने राहायचे, आणि खोलीला दार लावायचे, असे ठरले. सुतार दुसऱ्याच दिवशी आला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दोघे पुन्हा वाईला गेली. त्याच दोन खोल्या मिळाल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजींकडे प्रसाद घेऊन गेलो. आतल्या बाजूने शिवणयंत्राचा आवाज येत होता. आजींनी उशीखालून पत्र काढले. त्यांची नजर आता अधू झाली आहे, म्हणून पत्रवाचन आमच्याकडे. घाटावर ऊन छान येते, हे दोनदा मोठ्याने हसले, सायकलवरून मेणवलीपर्यंत जाऊन आलो, असा मजकूर. शेवटी, आता सकाळी सहाला जाग येते.

“किती म्हणाली?” आजींनी विचारले.

“सहा.”

आजींनी नाराजीने मान हलवली. आम्हांला कोनाड्यातून कागद घ्यायला सांगितले. “लिहा, फादर. सात वाजेपर्यंत झोप.”

आम्ही लिहिले.